रूम पार्टनर : असून अडचण, नसून खोळंबा!

फायनल इयरच्या मुलामुलींना सातव्या सेमिस्टरपासून एकच प्रश्न विचारला जातो, "प्लेसमेंट झाली का?" झाली म्हटलं की लोक पेढे मागतात, नाही म्हटलं की सल्ले देतात. पण ऑफर लेटर हातात पडल्यावर आणखी एक प्रश्न आ वासून उभा राहतो आणि त्याची तयारी अ‍ॅप्टिट्यूडच्या कुठल्याही पुस्तकात नसते. "राहायचं कुठे? आणि कोणाबरोबर?"

हॉस्टेलमध्ये चार वर्षं हा प्रश्न आपल्यासाठी दुसऱ्याच कोणीतरी सोडवलेला असतो. नोटीस बोर्डावर यादी लागते, रूम नंबर कळतो, त्या रूममध्ये आधीच एक ट्रंक आणि एक अनोळखी चेहरा हजर असतो. जमलं तर जन्माची मैत्री, नाही जमलं तर पुढच्या वर्षी रेक्टरांकडे अर्ज. नोकरी लागल्यावर मात्र यादी लावणारं कोणी नसतं. निवड आपली आणि निस्तरणंही आपलंच.

मी याच कॉलेजच्या लेडीज हॉस्टेलमधून बाहेर पडले, त्याला सात वर्षं झाली. त्यातली पहिली चार पुण्यात तीन मुलींबरोबर एका टू बीएचकेमध्ये काढली, पुढची दोन वन आरकेमध्ये एकटीने, आणि गेलं वर्षभर एका मैत्रिणीबरोबर राहते आहे. म्हणजे तिन्ही प्रॅक्टिकल्स करून झाली, आता जर्नल लिहायला हरकत नाही. आपण पडलो इंजिनिअर, म्हणून आधी हिशेब मांडते आणि मग अनुभव.

ही पद्धत आयटीवाल्यांची नव्हे!

भाड्याच्या जागेत चार अनोळखी माणसांनी एकत्र राहायचं हे काही हिंजवडीत सुरू झालं नाही. मुंबईत गिरण्या जोरात होत्या तेव्हा कोकणातून आणि आमच्या साताऱ्याकडच्या घाटावरून गेलेले पुरुष लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. पहिल्या पाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर आडवे होत. माझे चुलत आजोबा अशाच खोलीत राहिले होते. "खोली कसली, वळकट्या ठेवायची जागा ती," असं ते म्हणत. अशा खोल्या बहुतेक वेळा गावकीच्या असत, म्हणजे एकाच गावचे लोक एकत्र.

जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांनीच पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुण्यात पेठांमधल्या वाड्यांत कॉट बेसिसवर राहून शिकलेल्यांच्या तर पिढ्या आहेत. कॉट तुमची, खोली सगळ्यांची, आणि संडासाची रांग साऱ्या वाड्याची!

सांगायचा मुद्दा असा की एकत्र राहण्याचं पहिलं कारण तेव्हाही पैसा होतं आणि आजही आहे. म्हणून पैशापासूनच सुरुवात करू.

भागाकार आणि जोड्या

समजा, टू बीएचकेचं भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, इंटरनेट आणि पोळ्यांच्या मावशींचा पगार मिळून महिन्याला ३०,००० रुपये होतात. (आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या भागातले तुम्ही घाला.) हा खर्च माणसं वाढली म्हणून फारसा वाढत नाही, फक्त वाटला जातो. एकटीला ३०,०००, दोघींना प्रत्येकी १५,०००, तिघींना १०,०००, चौघींना ७,५००, पाच जणींना ६,०००, सहा जणींना ५,०००.

आता बचत कशी कमी होत जाते ते बघा. दुसरी मुलगी आली की तुमचे १५,००० वाचतात. तिसरी आली की आणखी ५,०००. चौथी आली की २,५००. पाचवी आली की १,५००, आणि सहावीच्या पायी जेमतेम १,०००.

उलट बाजूला काय वाढतं? जोड्या. घरात दोघी असतील तर भांडणाची जोडी एकच. तिघी असतील तर तीन, चौघी असतील तर सहा, पाच जणींच्या दहा आणि सहा जणींच्या पंधरा. सूत्र आपल्याला बारावीपासून पाठ आहे : न × (न − १) ÷ २. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात सॉफ्टवेअरच्या टीमबद्दल हेच सूत्र मांडलं होतं. माणसं वाढवली की काम विभागलं जातं, पण एकमेकांशी बोलण्याची ओझी त्याहून वेगाने वाढतात. फ्लॅटचंही अगदी तस्संच असतं. "माझं दूध कोणी घेतलं?" हा प्रश्न दोघींच्या घरात विचारावाच लागत नाही. चौघींच्या घरात त्याची चौकशी समिती नेमावी लागते.

म्हणून नुसता हिशेब बघितला तर दोन किंवा तीन हा आकडा सर्वात बरा. बचतीचा मोठा हिस्सा तिथपर्यंत पदरात पडलेला असतो आणि जोड्या अजून हाताबाहेर गेलेल्या नसतात. चौथी ठेवायची की नाही हे पगारावर ठरवावं. पाचवी आणि सहावी ही बहुधा घरमालकाची किंवा एजंटची कल्पना असते.

एकटं राहण्याची किंमत काढताना मात्र ३०,००० धरू नका. एकटी मुलगी टू बीएचके घेतच नाही, वन आरके घेते. त्याला सगळं धरून समजा १५,००० लागले, तर तिघींच्या हिशेबापेक्षा महिन्याला ५,००० जास्त, म्हणजे वर्षाला ६०,०००. तुमच्या एकांताची ही फी. परवडते की नाही ते पगाराच्या स्लिपवर बघून ठरवा, "लोक काय म्हणतील" यावर नको.

गिझर आणि मीटर

भाडं वाटलं जातं तशा सगळ्याच गोष्टी वाटल्या जात नाहीत. दोन उदाहरणं देते.

पहिलं सकाळचं गरम पाणी. आमच्याकडे १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर होता. पाणी ३० अंशांनी तापवायचं तर १५ × ४.२ × ३०, म्हणजे १,८९० किलोज्यूल. भागिले २ किलोवॅट केलं की ९४५ सेकंद, म्हणजे साधारण १६ मिनिटं. एकीच्या आंघोळीला एक टाकी. चौघींचं नुसतं पाणी तापायलाच तासाच्या वर, आणि कंपनीची बस सगळ्यांचीच पावणेआठच्या सुमाराची. पगार कितीही वाटून घ्या, सकाळचे सात ते पावणेआठ कसे वाटून घेणार? आमच्यातली एक दुसऱ्या पाळीत गेली तेव्हा तिघींना जो आनंद झाला, तो तिच्या प्रमोशनलाही झाला नव्हता.

दुसरं उदाहरण विजेच्या बिलाचं. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याहून बराच चढा, ३०१ ते ५०० चा आणखी वर. एकटी राहणारी मुलगी ८० युनिटं वापरत असेल तर ती सगळी स्वस्त टप्प्यात बसतात. तशाच तिघी एका मीटरवर आल्या की २४० होतात, आणि त्यातली १४० चढ्या दराने लागतात. वरच्या गिझरचंच धरा. एका टाकीला साधारण अर्धं युनिट. चौघींच्या महिन्याभराच्या आंघोळींना साठ-पासष्ट युनिटं तिथेच संपली. फ्रिज मात्र एकीचा असो की चौघींचा, जवळपास तेवढीच वीज खातो, म्हणजे तो वाटून घेणं फायद्याचं. त्यामुळे "चौघी राहिलो की खर्च बरोबर चौथाई" हे गृहीत धरू नका.

कागदावर नाव कोणाचं?

आता जरा रुक्ष भाग. पण तो वाचाच, कारण सगळ्यात महागडी भांडणं इथे होतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि त्याने ती टाळली तर शिक्षेची तरतूदही आहे. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तेव्हा कोणी "अहो, साधा स्टॅम्प पेपर पुरतो" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. खर्चही फार नसतो. भाडं २४,०००, मुदत ११ महिने आणि डिपॉझिट ६०,००० असेल तर एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी लागते, म्हणजे सातशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एजंट जे काही वर मागेल ते त्याचं स्वतःचं.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे राहणाऱ्या सगळ्यांची नावं करारात घाला. आमच्या पहिल्या करारात एकीचंच नाव होतं, कारण मालकांना "चार-चार सह्यांची कटकट" नको होती. वर्षभराने जागा सोडताना रंगाचे, साफसफाईचे म्हणून डिपॉझिटमधून भलीमोठी रक्कम कापली गेली आणि बोलायचा हक्क फक्त त्या एकीचा. उरलेल्या तिघी कागदावर तिथे राहतच नव्हतो! दुसऱ्या करारात चौघींची नावं, पानभर सामानाची यादी आणि भिंतींचे फोटो जोडले. पुढच्या वेळी डिपॉझिट पूर्ण परत मिळालं.

जुन्या करप्रणालीत घरभाडं भत्त्याची सूट घ्यायची असेल तरी हाच कागद लागतो. प्रत्येकीने आपला हिस्सा मालकांच्या खात्यात स्वतंत्र भरावा, पावती स्वतःच्या नावाची घ्यावी. नव्या प्रणालीत ही सूट नाही, त्यामुळे आधी कुठली प्रणाली निवडलीय ते बघा.

आणि एक कलम आपसात ठरवा, जे वकील लिहून देत नाही : मध्येच सोडून जाणारीने काय करायचं? कोणाची बदली होते, कोणाचं लग्न ठरतं, कोणी एम.एस.ला जातं. आमचा नियम साधा होता. एक महिना आधी सांगायचं, आपल्या जागी नवी मुलगी शोधून द्यायची आणि ती उरलेल्या तिघींना पसंत पाहिजे. मगच डिपॉझिटचा आपला हिस्सा हातात.

सातारा, कोल्हापूर, नागपूर, जळगाव

आमच्या घरात कोणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. गावाच्या नावाने चालायचं. मी सातारा, बाकीच्या कोल्हापूर, नागपूर आणि जळगाव. भाजीत तिखट किती यावर पहिले दोन महिने गोलमेज परिषदा झाल्या. दाण्याचं कूट कशात घालावं आणि कशात घालू नये, यावर तर अजूनही एकमत नाही. पण जळगावच्या भरताने आणि कोल्हापूरच्या रश्शाने जे शिकवलं, ते एकटी राहून मी कधीच शिकले नसते.

सुरुवातीला आम्ही फ्रिजवर कामाच्या पाळ्यांचा तक्ता लावला. सोमवार कचरा सातारा, मंगळवार कोल्हापूर, असा. तो पंधरा दिवस टिकला. कारण सोपं आहे. एकीला नाइट शिफ्ट लागली, एकीला रिलीज आलं, पाळी चुकली आणि चुकलेली पाळी कोणी कधी फेडायची याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. मग पाळ्या बंद करून खातीच वाटली. कचरा कायमचा नागपूरकडे, गॅस आणि पाणी माझ्याकडे, बिलं कोल्हापूरकडे, मावशींशी बोलणं जळगावकडे. कोणाचं काम राहिलं हे न विचारता कळायला लागलं आणि टोमणे निम्म्यावर आले.

पैशांचं सूत्र एकच : टी.टी.एम.एम. तुझं तू, माझं मी. आता फोनवर हिशेबाचे अ‍ॅप आहेत, यूपीआय आहे, काँट्री काढायला क्षणही लागत नाही. तरीही "नंतर देते" म्हणणारी एक असतेच. ज्या दिवशी खर्च त्याच दिवशी देणं, हा नियम मैत्री टिकवायला फार उपयोगी पडतो. आणि पाहुणे? कोणीही येऊ दे, आधी सांगून येऊ दे. बाथरूममधून बाहेर पडल्यावर हॉलमध्ये अनोळखी काका पेपर वाचताना दिसले, तर कोणाचंही डोकं फिरेल.

एकटीचं घर

चार वर्षांनी कोल्हापूरचं लग्न झालं, नागपूर बंगळुरूला गेली, जळगावने कंपनीजवळ जागा घेतली. माझा पगारही वाढला होता. मी वन आरके घेतलं.

खरं सांगते, पहिले सहा महिने सुखाचे गेले. भांडं जिथे ठेवलं तिथेच सापडतं. पंखा किती नंबरवर ठेवायचा यावर मतदान नाही. पुस्तक उघडून रात्री दोनपर्यंत बसा, कोणाच्या डोळ्यावर दिवा येत नाही. माझी एक सर्टिफिकेशनची परीक्षा चौघींच्या घरात दोन वर्षं रखडली होती, ती इथे चार महिन्यांत झाली. ज्यांना नोकरी करता करता एमपीएससी किंवा गेटचा अभ्यास करायचाय, त्यांनी या मुद्द्याखाली रेघ मारावी.

खोळंबा होतो तो बारीकसारीक गोष्टींत. सिलिंडर दिवसा येतो तेव्हा तुम्ही ऑफिसात. कुरिअर परत जातं. दार आपोआप लागलं आणि किल्ली आत राहिली की रात्री अकरा वाजता किल्लीवाला शोधा. अर्धा किलो भेंडी एकीला तीन दिवस पुरते आणि चौथ्या दिवशी भेंडी बघवत नाही. या सगळ्यावर उपाय आहेत. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे, कुरिअर वॉचमनकाकांकडे, भाजी पावशेर. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो. शिकलेलं इथे कामाला येतं ते असं.

ताप उतरला तो दिवस

एका गोष्टीवर मात्र असा सोपा उपाय नाही.

चौघींच्या घरात एकदा नागपूर तापाने फणफणली होती. कोणी काही ठरवलं नव्हतं, तरी फ्रिजवर तिच्या तापाचा तक्ता लागला. रात्री दोनला मी, सकाळी सहाला कोल्हापूर, असा थर्मामीटर फिरत होता. तिला त्याचा वैताग यायचा.

मी एकटी राहत असताना ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगितलं, दुसरी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही हेही बजावलं. पाचव्या दिवशी पहाटे ताप उतरला. ताप उतरला म्हणजे बरं झालं, असं कोणालाही वाटेल. मी ऑफिसला मेसेजसुद्धा टाकला, "उद्यापासून येते."

डेंग्यूचं गणित इथेच उलटं आहे. ताप उतरतो त्याच सुमाराचे २४ ते ४८ तास सर्वात धोक्याचे असू शकतात. रक्तवाहिन्यांमधून पाण्याचा अंश बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, ब्लड प्रेशर घसरू शकतं. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप गळून जाणं किंवा अस्वस्थ वाटणं या धोक्याच्या खुणा. पण गळून गेलेल्या माणसाला आपण गळून गेलोय हे कळायला दुसरं माणूस लागतं! आपल्याला फक्त झोप येत असते.

साडेसातला पोळ्यांच्या मावशी आल्या. आदल्या रात्रीचा दहीभात तसाच झाकलेला बघितला. मला म्हणाल्या, "ताई, तोंड बघितलं का आरशात? आवरा. चला." मी म्हटलं ताप नाहीये मावशी. त्या म्हणाल्या, "ताप नाही तर मग उलटी कशाची?" त्यांनी शेजारच्या काकूंना हाक मारली, रिक्षा आणली आणि पुढच्या दोन घरांच्या पोळ्या त्या दिवशी झाल्या नाहीत. मला चार दिवस सलाइनवर ठेवलं. दाखल करून घेताना डॉक्टर मावशींना म्हणाले, "संध्याकाळची वाट बघितली नाहीत ते बरं केलंत."

दवाखान्यात पडल्या पडल्या एकच विचार डोक्यात होता. तो मंगळवार होता. मावशींची सुट्टी रविवारी असते.

मग एकटं राहूच नये का?

असं अजिबात नाही. आणि चौघी आहेत म्हणून सुरक्षित, असंही नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये पाच मुलांचा फ्लॅट होता. पाचही जणांच्या शिफ्ट वेगळ्या, पाचही जणांच्या कानात हेडफोन, दारं बंद. एकाला तीन दिवस कावीळ अंगावर दिसत होती ती अखेर कंपनीच्या सिक्युरिटी गार्डने ओळखली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाने जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो असं म्हटलंय. ही सगळी माणसं काही एकेकटी राहत नसणार. एकांत आणि एकाकीपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिला भाडं देऊन मिळतो, दुसरा भरलेल्या घरातही फुकट मिळतो.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिली नोकरी, नवं शहर, हातात पहिला पगार असेल तर दोघी-तिघींनी राहा. पैसे वाचतात हे आहेच, पण शहर कळेपर्यंत सोबत असलेली बरी. करारात सगळ्यांची नावं, कामांची खाती वाटलेली, पैसे त्याच दिवशी. एक-दोन वर्षांनी अभ्यासासाठी, शिफ्टसाठी किंवा नुसतं मनासारखं जगायचंय म्हणून एकटं राहावंसं वाटलं तर खुशाल राहा. पण रूम पार्टनर जे काम न सांगता, न मागता करत होती ते आता ठरवून कोणाला तरी द्यावं लागेल. रोज ठरलेल्या वेळी एक फोन, आणि तो आला नाही तर समोरच्याने काय करायचं हेही ठरलेलं. पायी जाता येईल असा डॉक्टर. एक किल्ली शेजारी. आजारी पडलात तर पहिल्याच दिवशी दोघांना कळवायचं, आणि ताप उतरल्यावरही दोन दिवस कळवत राहायचं.

आता मी आणि माझी मैत्रीण दोघी राहतो. दोन खोल्या, दोन दारं, एक गिझर आणि भांडणाची जोडी एकच. पोळ्यांना मावशी त्याच आहेत. आधीच्या जागेपेक्षा त्यांना दहा मिनिटं जास्त चालावं लागतं, म्हणून पगारही वाढवलाय.

जाता जाता हॉस्टेलच्या मंडळींना एक सांगते. रात्री साडेनऊची ती हजेरी आठवते? अंगात स्वेटर चढवून, झोपाळलेल्या डोळ्यांनी खाली जाऊन सही करायची. आम्ही तिला किती नावं ठेवली! रेक्टर मॅडम चष्म्यातून बघत विचारायच्या, "आज डोळे का लाल?" मेसच्या मावशी विचारायच्या, "काल जेवायला का नव्हतीस गं?" तेव्हा ही पाळत वाटायची. वॉचमनकाका, मेसमधली सगळी मंडळी, ऑफिसचे काका, तुम्ही हे काम वर्षानुवर्षं करताय आणि त्याबद्दल तुम्हाला शिव्याच जास्त मिळतात, म्हणून आज छापील आभार मानते.

आणि फायनल इयरवाल्यांनो, जूनमध्ये रजिस्टरमधून तुमचं नाव कमी होईल. एकटे राहा, दोघे राहा, नाहीतर सहा जण राहून पंधरा जोड्यांनी भांडा. पण जिथे राहाल तिथे तुमची हजेरी घेणारं एक माणूस असू द्या, आणि तुम्हीही कोणाची तरी घ्या.